गाडीवरून कयाक नेताना: आधी मोजमाप, मग पट्टे

जायकवाडीचा नाथसागर असो, नांदेडजवळचं विष्णुपुरी असो, माजलगाव असो की येलदरी-सिद्धेश्वर, मराठवाड्यात कयाक (वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद नाव) घरी असते आणि पाणी लांब. छत्रपती संभाजीनगरहून पैठण गाठायचं तरी एका बाजूचे पन्नासेक किलोमीटर. वल्हं मारायला शिकवणारे आता भेटतात. कयाक गाडीच्या टपावर कशी बांधायची हे मात्र बहुतेक जण परदेशी व्हिडिओ बघून शिकतात. त्यातली निम्मी माहिती आपल्या कायद्यात बसत नाही आणि उरलेली आपल्या उन्हात व रस्त्यांवर पुरत नाही. म्हणून ही सगळी माहिती क्रमाने देतो आहोत.

लाल फडक्याने काम भागत नाही

परदेशी व्हिडिओत साडेचार मीटरची कयाक छोट्या गाडीवर ठेवलेली दिसते. तिचं शेपूट मागे बाहेर असतं आणि त्याला लाल फडकं बांधलेलं असतं. आपल्याकडे हे चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९४ (१अ) नुसार गाडीवरचा माल बाजूंना गाडीच्या अंगाबाहेर गेला, किंवा पुढे, मागे वा उंचीत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर दंड २०,००० रुपये. शिवाय माल उतरवण्याचा खर्च तुमचाच, आणि माल नीट लावल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे.

लाल फडक्याचा समज जुना आहे. पूर्वी मालवाहू गाडीतून खांब, सळ्यांसारखा लांब माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवायची सवलत होती. बाहेर आलेल्या सळ्यांमुळे मागून येणारे लोक मरत होते, म्हणून २०१४ मध्ये ती सवलत केंद्रीय मोटार वाहन नियमांतून काढून टाकली. फडकं बांधलेली, पण बाहेर आलेली कयाक ही बाहेर आलेलीच कयाक.

त्यामुळे सगळ्यात आधी टेप घ्या. गाडीची लांबी पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेली असते. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या ४ मीटरच्या आतल्या आहेत, कारण कराची सवलत तिथपर्यंतच मिळत आली. बोलेरो ३.९९५ मीटर, एर्टिगा साधारण ४.४ मीटर, इनोव्हा क्रिस्टा ४.७ मीटरच्या थोडी पुढे. आता कयाक बघा. उघड्या बैठकीची, नवशिक्यांची एकेरी कयाक २.७ ते ३.२ मीटर, दोघांची ३.७ ते ४ मीटर. लांब पल्ल्याची ४.२ ते ४.९ मीटर, शर्यतीची के-१ थेट ५.२ मीटर.

म्हणजे चार मीटरच्या आतल्या गाडीवर तीन-सव्वातीन मीटरची एकेरी कयाक आरामात बसते आणि दोघांची जेमतेम बसते. त्याहून लांब कयाकसाठी गाडी बदला किंवा कयाक बदला. कयाक अजून घेतलीच नसेल तर आमचा स्पष्ट सल्ला असा: पहिली कयाक गाडीच्या लांबीपेक्षा निदान अर्धा मीटर कमी लांबीची घ्या. हवा भरायची चांगली कयाक घेतली तर ती डिकीत मावते आणि पुढच्या अर्ध्या लेखाची तुम्हाला गरजच पडणार नाही. लहान गाडी आणि एकटा माणूस असेल तर हा पर्याय कमीपणाचा मुळीच नाही.

लांबी कागदावर जुळली तरी बांधून झाल्यावर पुन्हा तपासा, कारण टपावर कयाक बरोबर मध्यावर बसेलच असं नाही. गवंड्याचा ओळंबा असेल तर उत्तम. नाहीतर सुतळीला नट बांधा. कयाकच्या दोन्ही टोकांपासून तो खाली सोडा. पुढे आणि मागे, दोन्हीकडे तो बंपरच्या आत पडला पाहिजे.

गाडी कोणती

कारचा टप हा एक मार्ग. भाड्याची मालवाहू गाडी हा दुसरा, आणि दोन-तीन कयाक असतील तर तोच स्वस्त पडतो. छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा असतो, त्यामुळे तीन मीटरचीही कयाक त्यात बसत नाही. पिकअपचा हौदा मॉडेलप्रमाणे आठ ते दहा फूट. तिथे ३ मीटरची, म्हणजे जवळपास दहा फुटांची कयाक बसते की नाही हे टेपनेच ठरवा. चालकाच्या ‘बसेल, बसेल’वर जाऊ नका. चौदा फुटी आयशरमध्ये सव्वाचार मीटरपर्यंतची कयाक सरळ जाते. शर्यतीची ५.२ मीटरची के-१ मात्र सतरा फुटी गाडीत दोन-तीन सेंटिमीटरसाठी अडते, कारण सतरा फूट म्हणजे ५.१८ मीटर. एकच नाव असेल तर तिरकी ठेवून चालतं. जास्त असतील तर एकोणीस फुटी सांगा.

पिकअपमध्ये दोन चुका हमखास होतात. एक, कयाकचं टोक केबिनच्या टपावर टेकवून पुढे काढायचं. मालाने हौद्याच्या पुढच्या कडेपलीकडे जायचं नाही, असा नियम आहे. दुसरी, मागचा फाळका उघडा टाकून त्यावर कयाक टेकवायची. यात माल तर बाहेर येतोच, शिवाय नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. आणि सोबतची मंडळी कयाक धरून हौद्यात बसणार असतील तर तो बेत सोडून द्या. मालवाहू गाडीत मागे माणसं नेणं बेकायदा आहेच, अपघात झाला तर त्यांच्या विम्याचा दावाही अडतो.

परवान्याबाबत एक शंका नेहमी येते. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे मित्राची पिकअप चालवायला वेगळा परवाना लागत नाही. पण पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीवरून भाडं घेऊन लोकांच्या कयाक नेऊ लागलात तर तो धंदा झाला आणि त्याला परमिट लागतं. गाडीमागे ट्रेलर जोडायचा असेल तर ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला बिननोंदणीचा ट्रेलर हायवेवर नेऊ नका.

कॅरिअर आणि टपाची ताकद

टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच गाड्यांना तो आकडा ५० ते ७५ किलोच्या दरम्यान असतो, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. समजा मर्यादा ५० किलो आहे. गॅरेजमध्ये बनवलेलं लोखंडी कॅरिअर २० किलोचं, एकेरी कयाक २५ किलोची: एकूण ४५, चालेल. तेच दोघांची ३५ किलोची कयाक ठेवली की ५५ होतात. म्हणून अॅल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या घेणं शहाणपणाचं. सगळं मिळून पाच-सहा किलोत काम होतं.

टपावरच्या उभ्या रेलिंगकडे नीट बघा. अनेक गाड्यांवर ती निव्वळ शोभेची असते, प्लॅस्टिकची, चिकटवलेली किंवा क्लिपवर बसवलेली. तिला दांडी जोडली तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात रेलिंगसकट कयाक खाली येईल. पुस्तिकेत रेलिंगवर वजन ठेवू नये असं लिहिलं असेल तर दाराच्या चौकटीत अडकणारे पाय असलेल्या दांड्या घ्या. टपाला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून कॅरिअर बसवू नका. पाणी गळतं, गंज लागतो, आणि गाडीत असा कायमचा फेरफार केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ आणि १८२अ चा प्रश्न उभा राहतो. सुटं करता येईल असंच कॅरिअर बसवा आणि परत आल्यावर उतरवून ठेवा.

दोन दांड्यांमधलं अंतर निदान ७५ सेंटिमीटर हवं, ९० मिळालं तर फारच छान. अंतर कमी असलं की वारा कयाकचं नाक वर उचलतो तेव्हा मागची दांडी टेकूचं काम करते आणि पुढच्या दांडीच्या पायांवर प्रचंड ओढ बसते.

दांडीवर फोमचे पॅड हवेत. पाण्याच्या पाइपला घालतात ती काळी फोमची नळी कापून दोन थरांत गुंडाळली तरी चालते. कापडी चिंध्या मात्र नकोत, त्या सरकतात. दोन कयाक न्यायच्या असतील तर एक आडवी आणि दुसरी कुशीवर, इंग्रजी ‘J’ आकाराच्या पाळण्यात उभी ठेवावी लागते. पण उभ्या कयाकमुळे गाडीची उंची पाऊण मीटरने वाढते, हे लक्षात ठेवा.

चढवणं

पाळणा नसलेल्या सपाट दांड्यांवर प्लॅस्टिकची कयाक पालथी ठेवा, पोट वर. बैठकीचा काठ आणि वरचा भाग ताठ असतो, तो पट्ट्याचा दाब सहन करतो. पोटाला दाबाचे खळगे पडतात. पालथी असली की अवकाळी पाऊस आला तरी आत पाणी साचत नाही. सुलटी ठेवणार असाल तर बैठकीवर झाकण घाला आणि त्याचा दोर ओढून गच्च करा. सैल झाकण शिडासारखं फुगतं.

दोघं असाल तर एक पुढच्या मुठीला, एक मागच्या मुठीला. दोघांनी गुडघ्यात वाकून एकदम उचला आणि गाडीच्या बाजूने टपावर आणा. एकटे असाल तर मागून चढवा. टपाच्या मागच्या कडेवर जाड रबरी चटई टाका, कयाकचं नाक तिच्यावर टेकवा, मग शेपूट उचलून पुढे ढकला. डिकीवरचा स्पॉयलर आणि टपावरचा माशाच्या परासारखा अँटेना, या दोन गोष्टी अशा वेळी मोडतात. कयाक बसली की डिकी एकदा हळूच उघडून बघा. दार कयाकला लागत असेल तर वल्ही, जॅकेट, पाण्याचे कॅन वगैरे सगळं सामान आधीच गाडीत भरून घ्या. कयाकच्या पोटात काहीही सुटं ठेवू नका. वल्हं तर अजिबात नाही.

बांधणं

दोन पट्टे आणि दोन दोर, एवढंच लागतं. पट्टे २५ मिलिमीटर रुंदीचे, साडेतीन ते चार मीटर लांब, दातेरी दाब-बकलचे. ट्रकवाले वापरतात ते रॅचेटचे पट्टे स्वस्त मिळतात, पण त्यांचा ताण हाताला कळत नाही. दोन खटके जास्त झाले की प्लॅस्टिक दबतं आणि फायबरच्या कयाकला तडा जातो.

१. बकल असलेलं टोक तुमच्या बाजूला, कयाकच्या कुशीच्या उंचीवर धरा. बकलखाली पॅड हवा. दुसरं टोक कयाकवरून पलीकडे टाका. फेकू नका, लोखंडी बकल हातातून सुटून पलीकडे गेलं तर काच फोडतं.

२. पलीकडे जा. टोक दांडीखालून घ्या, पण दांडीचा पाय आणि कयाक यांच्या मधल्या जागेतून, कयाकला अगदी चिकटून. पायाच्या बाहेरून घेतलात तर पट्टा सरकायला जागा राहते. मग टोक पुन्हा कयाकवरून अलीकडे आणा.

३. अलीकडे त्याच पद्धतीने दांडीखालून काढा, वर आणून बकलमध्ये खालून घाला आणि हाताने ओढा. पाय लावून किंवा लटकून ओढू नका.

४. हवेत ताणलेल्या भागाला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, घुमल्यासारखा आवाज करतो आणि त्या थरथरीनेच सैल होतो. उरलेलं टोक दांडीला दोन गाठी मारून बांधा.

दुसऱ्या दांडीवरही हेच. मग कयाकचं नाक धरून जोरात हलवा. कयाकबरोबर सगळी गाडी डुलली पाहिजे. कयाक एकटी हलत असेल तर पट्टे सैल आहेत. कयाक आणि दांड्या मिळून हलत असतील तर दांड्यांचे पाय सैल आहेत, आणि हे जास्त धोक्याचं.

आता पुढचा आणि मागचा दोर. नवशिके इथेच कंटाळा करतात. पट्टे कयाकला खाली दाबून धरतात, पण पुढे-मागे सरकण्यापासून फारसं अडवत नाहीत. औट्रम घाटाच्या उतारावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर गुळगुळीत कयाक पट्ट्यांतून पुढे निसटू शकते. शिवाय पट्टा तुटला, दांडी उपटली तरी हा दोर कयाकला मागच्या दुचाकीवर जाऊ देत नाही.

दोर ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा पॉलिस्टरचा घ्या. नायलॉन ताणला जातो, ओला झाला की आणखीच. पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात ठिसूळ होतो. कयाकच्या नाकाच्या मुठीपासून दोन दोर उलट्या व्ही आकारात खाली आणा, एक डावीकडे, एक उजवीकडे. बंपरच्या प्लॅस्टिकला किंवा जाळीला बांधू नका. बॉनेटखाली मडगार्डच्या बोल्टमध्ये अडकवायचे कापडी फासे मिळतात, ते बसवून घ्या. मागे गाडी ओढायचा हुक वापरा. तो बऱ्याच गाड्यांत टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरवरची छोटी झाकणी काढून आट्यांत फिरवायचा असतो.

गाठ तीच, जी मालट्रकवाले ताडपत्री ताणताना मारतात. दोराचं वरचं टोक मुठीला पक्कं बांधा. हातभर खाली दोरातच एक सरकता फासा करा. मोकळं टोक खालच्या हुकातून काढून वर न्या, फाशातून ओवा आणि खाली ओढा. थोड्या जोरात मोठा ताण येतो. ओढ न सोडता दोन अर्ध्या गाठी मारा. उरलेला दोर गुंडाळून खोचा, कारण लोंबता दोर चाकाखाली गेला तर कयाकचं नाकच खाली ओढतो. ताण बेताचा ठेवा. हे दोर आधारासाठी आहेत. वीणेच्या तारेसारखे ताणले की कयाक मधून वाकते. पुढच्या दोराचा आणखी एक फायदा म्हणजे तो काचेतून दिसतो. तो सैल पडून नाचू लागला की गाडी बाजूला घ्या.

ऊन

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार असतो, आणि टपाचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. कयाकचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, अशा उष्णतेत मऊ पडतं. सकाळी बरोबर ताणलेला पट्टा दुपारी प्लॅस्टिकमध्ये रुततो, खळगा पडतो, आणि प्लॅस्टिक दबल्यामुळे तोच पट्टा सैलही होतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघा, दहाच्या आत पोहोचा. ढाब्यावर तासभर थांबणार असाल तर सावली बघा आणि पट्टे थोडे ढिले करा. निघताना पुन्हा ओढायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली बकलला अडकवा.

हवाबंद कप्पे असलेल्या कयाकची झाकणं किंवा बुचं प्रवासात किंचित उघडी ठेवा. पंचवीस अंशांवर बंद केलेला कप्पा साठ अंशांपर्यंत तापला तर आतली हवा बारा टक्क्यांच्या आसपास फुगू पाहते. मग झाकण उडतं किंवा आतल्या भिंतीचा जोड सुटतो. जोड सुटलेला बाहेरून दिसत नाही. कळतो तो धरणाच्या मध्यावर, पाणी आत आल्यावर.

रस्त्यावर

पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबा आणि सगळं पुन्हा ओढून बघा. पट्टे याच टप्प्यात बसतात आणि ढिले होतात. पुढे दर चाळीस-पन्नास किलोमीटरला, आणि खराब रस्त्याचा टप्पा पार केला की लगेच.

वेग ७०-८० च्या वर नेऊ नका. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: साठवरून ऐंशीवर गेलात की पावणेदोन पट, शंभरवर गेलात की पावणेतीन पट. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा जास्त आहे म्हणून तो वेग तुमच्यासाठी नाही. मोकळ्या माळावर तिथे आडवा वाराही लागतो. डावी लेन धरा. दुपदरी रस्त्यावर समोरून भरधाव मालट्रक गेला की नाकाला एकदम झटका बसतो, तेव्हा वेग आधीच कमी करा. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि टायरगाड्या अंधारात विनादिव्याच्या उभ्या असतात, आणि बाहेर झुकलेला ऊस नेमका टपाच्या उंचीवर असतो. रात्रीचा प्रवास टाळा.

गाडीची नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. हॅचबॅकवर पालथी कयाक असेल तर साधारण दोन मीटर होते, एसयूव्हीवर उभ्या पाळण्यात असेल तर पावणेतीनपर्यंत जाते. रेल्वेखालचे भुयारी मार्ग, कॅनॉलच्या रस्त्यांवर उंच गाड्या अडवायला लावलेले लोखंडी आडवे गेज, गावातल्या लोंबत्या वायरी आणि धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या बाभळी, या चारही ठिकाणी थांबून, उतरून बघा.

आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. कयाकच्या खरेदीचं बिल सोबत ठेवा. नाक्यावर ‘हे काय आहे, कुठून आणलं’ हा प्रश्न येतोच, आणि बिल दाखवलं की लवकर सुटका होते.

पाण्यावर पोहोचल्यावर

परवानगी निघण्याआधीच घ्या. धरणं जलसंपदा विभागाकडे आहेत, बहुतेक गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे. संबंधित उपविभागाच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे, तिथे वन्यजीव कायद्यानुसार वनविभागाची परवानगी वेगळी लागते. हिवाळ्यात पाहुणे पक्षी फुगवट्याच्या उथळ पाण्यावर उतरतात, तिकडे नाव नेऊ नका.

पावसानंतर काळ्या रानात गाडी थेट काठापर्यंत घालू नका. काळी माती चाकाला धरते आणि टपावर वजन असलेली गाडी रुतली की काढणं जड जातं. डांबरी किंवा मुरमाच्या जागेवर थांबा, आधी पुढचा-मागचा दोर सोडा, मग पट्टे, आणि कयाक उचलून न्या. मागचा पट्टा सोडताना एकाने कयाक धरून ठेवावी. उताराला लावलेल्या गाडीवरून ती लगेच सरकते.

परतल्यावर पट्टे साध्या पाण्यात धुवा. काळ्या मातीचे बारीक कण बकलच्या दात्यांत बसले की बकल पट्टा धरत नाही. ओढून बघितलं तर घट्ट वाटतं, खड्ड्यात मात्र एकेक सेंटिमीटर सुटत जातं. जुन्या दातघासणीच्या ब्रशने दाते घासा, स्प्रिंग मोकळी फिरते का बघा, पट्टे सावलीत वाळवा. शिवण उसवलेला, रंग विटून कडक झालेला किंवा कडेला विरलेला पट्टा कापूनच टाका, म्हणजे घाईत कोणी तो पुन्हा उचलणार नाही.